टेबलाची सहा बोटं

मधलीने एकदा मनावर घेतलं की आपण मुकाट्याने समोरचं टोक उचलायचं, हे तिच्या नवऱ्याला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. बुधवारी संध्याकाळी तो कामावरून आला, तेव्हा ती बाहेरच्या खोलीत गालिचा गुंडाळून, कपाट भिंतीपासून ओढून, बाह्या सरसावून उभी होती. त्याने पिशवी खाली ठेवली आणि काही न विचारता टेबलाचं समोरचं टोक धरलं.

टेबल अकरा वर्षं कपाटामागे उभं होतं. तिच्या लग्नात बाबांनी आणि दोन्ही भावांनी मिळून केलेलं, अक्रोडाच्या लाकडाचं, कडेने कोरलेली बारीक वेल असलेलं. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच त्याची वरची फळी मधोमध तडकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तिच्याबरोबर घरही तडकलं. दादा म्हणाला, धाकट्याने ओलं लाकूड आणलं. धाकटा म्हणाला, लाकूड खडखडीत सुकं होतं, दादालाच काम धड जमत नाही. बाबांच्या लाकूडकामाच्या कारखान्यात गिऱ्हाइकांच्या देखत शब्दाने शब्द वाढला, धाकट्याने हातातली पटाशी जमिनीवर टाकली आणि तो बाहेर पडला तो पडलाच. त्यानंतर दोघं एका छताखाली आले ते फक्त आई गेली तेव्हा, तेही खोलीच्या दोन टोकांना.

"पण आजच का?" नवऱ्याने विचारलं.

"सोमवारी सकाळी धाकटा चाललाय."

"ते माहीत आहे."

"तीन वर्षं येणार नाही. समुद्रापलीकडची नोकरी, मधे सुट्टी नाही. आणि बाबा एक्याऐंशीचे आहेत." तिने हात झटकले. "रविवारी दुपारी सगळे या टेबलाशी बसून जेवणार."

"फुटक्या टेबलाशी?"

"फुटकं कोण ठेवतंय? फळी कापून नीट सांधणार, मधे नक्षीची पट्टी घालणार. लोकांना दात बसवून देते मी, फळी बसवता येणार नाही मला?"

ती दातांच्या कवळ्या करायची. गावभरचे म्हातारे तिच्या हातच्या दातांनी हसत होते. बाबांच्या कारखान्यात मुलीने हत्याराला हात लावू नये असं कोणी म्हटलं नव्हतं. फक्त दोन भावांच्या मधे तिच्यापर्यंत हत्यार कधी पोचलंच नव्हतं. पण बघून बघून जे शिकायचं ते ती शिकली होती.

टेबल उलटं केलं, पाय वर. नवऱ्याने दिवा धरला. फळी चौकटीपासून सुटी करायची म्हणून मधलीने खाली डोकं घातलं आणि तिथेच थांबली.

बाबांचा एक पाठ या घरातल्या पोरांनी बाराखडीच्या आधी गिरवला होता. लाकूड कापलं म्हणून मरत नाही. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आवळतं. म्हणून टेबलाची वरची फळी चौकटीला सरसाने कधी चिकटवायची नाही. चौकटीच्या आतल्या अंगाला खाचा करायच्या, त्यांत लाकडाचे छोटे जिभेसारखे तुकडे सरकवायचे आणि ते तुकडे स्क्रूने फळीला खालून पकडायचे. म्हणजे फळी जागेवर राहते, पण तिला हलायला वाव मिळतो. बाबा त्या तुकड्यांना बोटं म्हणत. "फळी बोटांनी धरायची, मुठीने नाही," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की आई ते भाजी चिरतानाही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायची.

इथे खाचा होत्या. सहाच्या सहा, धाकट्याच्या हातच्या, कागद कापल्यासारख्या नेटक्या. पण एकाही खाचेत बोट नव्हतं. कधी बसवलेलंच नव्हतं, कारण आतल्या कडा कोऱ्या होत्या. आणि चौकट जिथे फळीला टेकते तिथे चारही बाजूंनी काळपट, काचेसारखा वाळलेला सरस होता.

"म्हणजे?" नवरा म्हणाला.

"म्हणजे फळी मुठीने धरली होती," ती हळूच म्हणाली. "मग ती फाटणारच. लाकूड ओलं असो की सुकं."

सरसाच्या भांड्याला बाबा पोरांना हात लावू देत नसत, हे तिला माहीत होतं. पण नुसत्या माहितीवर बापावर आळ घेणारी ती नव्हती. तिने पिशवीतून कामाचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि सरसाची रेघ इंचाइंचाने तपासली. कोपऱ्यात, सरस बाहेर ओघळला होता तिथे, कोणीतरी तो अंगठ्याने पुसला होता. अंगठ्याचा ठसा तसाच वाळला होता, आणि ठशातून एक तिरकी रेघ गेली होती. त्या अंगठ्याला धरून ती चालायला शिकली होती. करवतीने कापल्याची ती खूण तिला डोळे मिटूनही ओळखता आली असती.

नवऱ्याने दिवा दुसऱ्या हातात घेतला. "आता काय करणार?"

"ठसा घेणार," मधली म्हणाली. "दुसरं काय येतं मला?"

तिने कवळीसाठी वापरतात ते पांढरं प्लास्टर कालवलं, ठशात ओतलं, सुकल्यावर काढलं. तासाभरात तिच्या तळहातावर बाबांचा अंगठा होता, व्रणासकट. मग तिने पाणी उकळत ठेवलं. सरस हट्टी असला तरी वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. जेवणाची वेळ टळून गेली, पण फळी आणि चौकट वेगळी झाली.

गुरुवारी कामावर अर्धी रजा टाकून ती दादाच्या घरी गेली. खाली कारखाना, वर घर. दादा लाकूड बघायला बाहेर गेला होता, आणि ते विचारूनच ती आली होती. बाबा खिडकीशी बसून हातातल्या पटाशीला धार लावत होते. डोळे अधू झाले, हात थरथरायला लागले, तरी धारेची हौस फिटली नव्हती. घरातले चमचेसुद्धा एखाद दिवस धार लावून ठेवतील, असं वहिनी म्हणायची.

"बाबा, मला सहा बोटं हवीत."

"कसली बोटं?"

"माझ्या टेबलाची. तुम्ही न लावलेली."

पटाशी दगडावर थांबली. तिने पर्समधून प्लास्टरचा अंगठा काढला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी डोळ्यांपाशी नेला, मग डोळ्यांचा भरवसा सोडून स्वतःच्या अंगठ्याने चाचपला. व्रणापाशी अंगठा थबकला.

"गाडीवाला बाहेर भोंगा वाजवत होता," ते म्हणाले. "पोरं दोघं गाडीत खुर्च्या चढवत होती. बोटं तयार होती, त्यांचे स्क्रू सापडेनात. तुझ्या सासरची माणसं खोळंबलेली. सरस गरमच होता. म्हटलं, आता चिकटवू, महिन्याभराने जाऊन काढू आणि नीट करू. मग महिन्याचे चार झाले. चाराचं वर्ष झालं."

"फळी फुटली तेव्हा बघायला तुम्ही एकटेच आला होतात. म्हणालात, राहू दे, कोणी हात लावू नका. मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून."

"वाईट वाटतच होतं."

"आणि घरी येऊन सांगितलं नाहीत."

"सांगणार होतो. जिन्यावरच होतो. खाली दोघांची जुंपली होती. पायऱ्या उतरून येईस्तोवर धाकटा निघून गेला होता." त्यांनी अंगठा मुठीत घेतला. "मग रोज म्हणायचो, उद्या सांगू. उद्याची सवय लागते, पोरी. आता जुनं उकरून कोणाचं भलं होणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुम्हीच शिकवलंत ना, मुठीने धरलं की फळी फाटते म्हणून?"

बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. मधलीला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला. ती उठली नाही. ज्या माणसाने आपल्या पोरांना केसभर फरकासाठी अख्खा सांधा पुन्हा करायला लावला, त्याने अकरा वर्षं एवढी मोठी फट उघडी ठेवली होती.

"मी कोणाला काही सांगणार नाही," ती म्हणाली. "हा अंगठा तुमच्याकडेच ठेवा. मला दुसरा करता येतो, पण करणार नाही. रविवारी दुपारी फळी आणि चौकट मी वेगवेगळी ठेवणार आहे. ती तुमच्यासमोर जुळायची. बोलायचं की नाही ते तुम्ही बघा. धाकटा सोमवारी सकाळी जातोय, एवढं लक्षात असू द्या."

बाबांनी कपाटाकडे बोट दाखवलं. तिथल्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी, तेलकट कागदात गुंडाळलेली सहा बोटं होती. कागद इतक्या वेळा उघडून मिटला होता की घड्यांवर विरला होता.

ती बाहेर आली तर वहिनी दारामागे, हातात कोरडंच फडकं घेऊन.

"मी मुद्दाम नाही ऐकलं, वन्सं," वहिनी म्हणाली. मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाली, "मुद्दामच ऐकलं."

वहिनीने आजवर नवऱ्याची बाजू सोडलेली नव्हती. धाकट्याचं नाव निघालं तरी ती भांडी जोरात ठेवायची.

"आता तुम्ही दादाला सांगाल."

"अकरा वर्षं मी भाऊजींना नावं ठेवली. ओल्या लाकडाचे म्हणून टोमणे मारले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की हो आपण!" वहिनीचे डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत होता. "ह्यांना मी काही सांगत नाही. मामंजींनी सांगायचं ते मी कशाला सांगू? पण रविवारी ह्यांना घेऊन येते. कसं ते माझ्यावर सोडा."

"आणि नाही म्हणाला तर?"

"नाही म्हणायला तोंड लागतं. आणि त्या तोंडाला जेवण मी घालते."

राहिला धाकटा. तो फोनवर सरळ म्हणाला, "दादा येणार असेल तर मी येणार नाही, ताई."

"दादा येणार आहे."

"मग झालं तर."

"तू खाचा केल्या होत्यास ना माझ्या टेबलाच्या? फळी पुन्हा बसवायची आहे. खाचा ज्याने केल्या त्याने बोटं बसवायची, असं कारखान्यात असतं. तू जेवू नकोस, पाणीसुद्धा पिऊ नकोस. बसव आणि जा."

मग त्याने विचारलं, "बोटं बसवलेली नव्हती का?"

"बाराला ये," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शुक्रवार आणि शनिवार तिने घरात कोणाला सुखाने बसू दिलं नाही. फळी तड्यावरून कापली, दोन्ही कडा रंध्याने सरळ केल्या, मधे अक्रोडाचीच पट्टी सांधली. त्या पट्टीवर उथळ खाच कोरून तिच्यात फिक्या आणि गडद लाकडाचे पातळ तुकडे तिरके बसवायचे होते, एकाआड एक. तुकडे एकशे अठरा. कवळीचे दात घासायच्या बारीक कानशीने तिने प्रत्येकाची कड जुळवली. शनिवारी दुपारी लक्षात आलं की शेवटच्या तुकड्यापाशी सुपारीएवढी जागा उरतेय. नवरा म्हणाला, लांबून कळणार नाही, तिथे सरसात भुसा कालवून भरू.

"या घरात सरसाने बरंच झाकून झालंय," ती म्हणाली, आणि तिने शेवटचे वीस तुकडे उचकटून पुन्हा केले. नवऱ्याने स्वयंपाक केला. तो कसा झाला होता हे कोणी बोललं नाही, कारण त्यानेच नंतर तिला पॉलिश पेपर मारू लागायचं होतं.

रविवारी बाराला दहा कमी असताना वहिनी दादाला घेऊन आली. त्याला सांगितलं होतं की बाबांना एकट्याने जिने चढवत नाहीत. बाबा मात्र दोघांच्या पुढे चढून आले होते. बाराला धाकटा आला. दादाला पाहून तो उंबऱ्यातच थांबला. दादा खिडकीकडे वळला आणि बाहेरची रिकामी गल्ली फार मन लावून पाहू लागला.

खोलीच्या मधोमध फळी सतरंजीवर पालथी ठेवलेली होती आणि शेजारी चौकट, पाय वर. फळीवर सहा बोटं मांडलेली, सहा नवे स्क्रू, एक स्क्रू-ड्रायव्हर. मधलीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. काल रात्रीपर्यंत तिला वाटत होतं की इथवर आणलं की आपलं काम संपलं. आता तिने स्क्रू पुन्हा एकदा मोजले.

धाकटा खाली बसला. त्याने चौकटीच्या एका खाचेत स्वतःचं बोट घालून पाहिलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"या कोऱ्या आहेत," तो म्हणाला.

दादाने वळून पाहिलं. कारागीरच तो. राग विसरून वाकला, आणि त्याचं लक्ष चौकटीच्या कडेकडे गेलं, जिथे वाफेने सुटलेल्या सरसाचे डाग उरले होते.

"सरस?" दादा म्हणाला. "चौकटीला सरस कोणी लावला?"

बाबांचा एक हात कोटाच्या खिशात होता आणि खिशात काहीतरी फिरत होतं. मग ते पुढे आले, कष्टाने गुडघ्यांवर बसले आणि कानावरची पेन्सिल काढली. प्रत्येक टेबलाच्या फळीला खालून ते सही करत. जुन्या सहीखाली त्यांनी पेन्सिल टेकवली, आणि पहिलं अक्षर काढायला घेतलं.

"बाबा," मधली म्हणाली, "खाली लिहू नका. तिथे कोणी वाचत नाही. तोंडाने सांगा."

बापाशी असं बोलायची या घरात रीत नव्हती. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. खिशातून प्लास्टरचा अंगठा काढून फळीवर ठेवला, शेजारी स्वतःचा अंगठा टेकवला.

"सरस मी लावला," ते म्हणाले. "बोटं लावली नाहीत. घाई केली. लाकडात खोट नव्हती, कामातही नव्हती. फळी माझ्यामुळे फुटली, आणि मी बोललो नाही."

धाकटा पांढराफटक पडला.

"अकरा वर्षं, बाबा."

"हो."

"आईने मला शेवटी विचारलं होतं. खरंच ओलं होतं का रे लाकूड, म्हणून. मी शपथ घेतली तर म्हणाली, असू दे, असू दे. तिला वाटलं मी खोटं बोलतोय." त्याने प्लास्टरचा अंगठा बाजूला सारला. "तिला तरी सांगितलं होतंत?"

"नाही," बाबा म्हणाले. "तिलाही नाही."

धाकटा उठला. आता हा जातो, असं सगळ्यांना वाटलं. मधली दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ओरडायचं असेल तर ओरड," ती म्हणाली. "चूक आहेच त्यांची. जन्मभर माफ करू नकोस, तुझा हक्क आहे. पण फळी आज बसणार, आणि तुझ्या हाताने बसणार. एकशे अठरा तुकडे घासलेत मी."

त्याने तिच्या बाजूने हात घालून दाराची कडी धरली. आणि तेव्हा, इतका वेळ चौकटीशी ओणवा राहिलेला दादा बोलला. त्याने मान वर केली नाही. जन्मात कोणाची माफी न मागितलेला माणूस. ती कशी मागतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तुझं लाकूड सुकं होतं," दादा म्हणाला.

धाकट्याने दाराच्या कडीवरचा हात काढला. "नऊ महिने माळ्यावर ठेवलं होतं," तो म्हणाला. "तुलाच दाखवलं होतं मी."

"दाखवलं होतंस," दादा म्हणाला. "मला आठवतंय. रोज आठवतं."

वहिनीने पदराने तोंड झाकलं. धाकटा येऊन बाबांच्या शेजारी न बसता समोर बसला. बाबांकडे त्याने पाहिलं नाही. पण हात पुढे केला, आणि दादाने त्या हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला.

दोघांनी मिळून चौकट उचलून फळीवर ठेवली. दादा बोट खाचेत सरकवून धरायचा, मागे नाण्याच्या जाडीएवढी फट सोडायचा, आणि धाकटा स्क्रू फिरवायचा. "जरा मागे." "एवढं?" "हं." अकरा वर्षांत न बोललेल्या माणसांचं हे बोलणं मधली कान देऊन ऐकत होती. पाच बोटं बसली. सहावं धाकट्याने हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि मान खाली घालूनच बाबांच्या पुढे धरलं.

बाबांचा हात थरथरत होता, स्क्रू दोनदा निसटला. तिसऱ्यांदा दादाने स्क्रू धरला, आणि धाकट्याने बाबांच्या मनगटाखाली हात दिला. तिघांनी मिळून तो फिरवायला लहान मुलालाही लागणार नाही एवढा वेळ लावला.

टेबल सरळ केलं. उन्हात नक्षीची पट्टी फळीच्या मधोमध चमकली, जिथे तडा होता तिथेच. वहिनीने ताटं मांडली. धाकट्याने खुर्ची ओढली, बाबांपासून एक जागा सोडून. मधलीने त्यावर काही म्हटलं नाही. एवढी फट राहू दे, तिला वाटलं.

जेवण निम्मं झाल्यावर दादाने ताटातून नजर न उचलता विचारलं, "उद्या गाडी कितीची?"

"सहाची."

"मी येतो स्टेशनवर. सामान असेल."

"सामान फार नाहीये."

"असू दे," दादा म्हणाला. "तरी येतो."

"मी पण," बाबा म्हणाले.

धाकट्याने घास खाली ठेवला. मधलीचा हात वाढता वाढता थांबला. मग त्याने पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला, आणि पहिल्यांदा बाबांकडे पाहून म्हणाला, "थंडी असते सकाळची. कोट घालून या."